इंग्रजींतील संशोधनलेखन आणि आपलीं मराठी मुलें

प्रस्तुत विषयावर चार शब्द लिहिण्याचें कारण गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत घडलें. आपल्या शाळेच्या मराठी शाखेंतून कांहीं वर्षांपूर्वीं उत्तीर्ण होऊन गेलेली एक विद्यार्थिनी एके सायंकाळीं अचानक आमच्या घरीं आली. मुलगी कष्टाळू व सालस. वर्गांत तिचा क्रमांक कधीं तिसऱ्याच्या खालीं गेला नाहीं. पुढें वनस्पतिशास्त्राची पदवी घेऊन ती पदव्युत्तर अभ्यास पुरा करीत होती. ठाण्याच्या खाडीकांठच्या तिवरांवर तिनें इंग्रजींत एक लहानसा प्रबंध लिहिला होता, आणि तो परत आला होता. प्रबंधांतील मजकूर संगणकाच्या साह्यानें इतरांच्या प्रसिद्ध लेखनाशीं ताडून पाहण्यांत आला, तेव्हां त्याचा बराच मोठा भाग दुसऱ्यांच्या वाक्यांशीं शब्दशः जुळला. "सर," ती डोळे पुसत म्हणाली, "मी चोरी केली नाहीं. शाळेंत आम्ही प्रकल्प असेच लिहीत होतों. तुम्ही त्यांना दहापैकीं नऊ गुण देत होतां."

या वाक्यास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें, आजहि नाहीं. म्हणूनच हा लेख.

प्रथम पालकांच्या माहितीसाठीं नियम काय आहे तें सांगतों. विद्यापीठ अनुदान आयोगानें २०१८ सालीं केलेल्या नियमांप्रमाणें अशी जुळणी शेंकडा दहापर्यंत असल्यास दोष धरीत नाहींत. दहाच्या पुढें चाळीसपर्यंत गेल्यास विद्यार्थ्यास प्रबंध ठराविक मुदतींत, जास्तींत जास्त सहा महिन्यांत, सुधारून पुन्हां द्यावा लागतो. चाळीस ते साठ असल्यास वर्षभर प्रबंध देतां येत नाहीं, आणि साठांच्या पुढें गेल्यास नोंदणीच रद्द होते. आमच्या या मुलीवर सहा महिन्यांची पाळी आली. जुलैपासून मिळावयाची नोकरी हातची गेली. घरीं वडील निवृत्तीस आलेले व धाकटा भाऊ शिकत असलेला, अशा कुटुंबास सहा महिने म्हणजे काय, हें उपनगरांत भाड्याच्या खोलींत राहणाऱ्या आमच्या वाचकांस समजावून सांगण्याची गरज नाहीं.

आतां दोष कोणाचा? आम्ही आपल्या मनाशीं प्रामाणिकपणें हिशेब केला. आठवी-नववीचा प्रकल्प म्हणजे काय असतो? मुलगा दुकानांतून चित्रांचा तक्ता आणतो, मोबाइलवरून इंग्रजी परिच्छेद उतरून घेतो, त्यास रंगीत कागदाचें वेष्टन घालतो. आई रात्रीं जागून कडा चिकटविते. आणि आम्ही शिक्षक साठ वह्यांच्या ढिगापुढें बसून सुवाच्य अक्षर व नीटनेटकी मांडणी पाहून गुण देतों. वाक्य कोणाचें, तें मुलास समजलें किंवा नाहीं, हें आम्ही विचारीत नाहीं. इंग्रजी वाक्य शुद्ध दिसलें म्हणजे आम्हांस उलट बरेंच वाटतें. अशा रीतीनें आठ वर्षें ज्या गोष्टीस आम्ही बक्षीस दिलें, त्याच गोष्टीस विद्यापीठानें एका दिवसांत शिक्षा दिली. मुलीनें मध्यंतरीं आपली रीत बदलली नव्हती. बदलला तो परीक्षक.

या प्रश्नाकडे सामान्यतः इंग्रजीचा प्रश्न म्हणून पाहतात. "पोरांचें इंग्रजी कच्चें, म्हणून तीं उतरून काढतात," असें म्हणणें सोपें आहे, आणि त्यांत कांहीं तथ्यहि आहे. परंतु परक्या भाषेंत संशोधनपर लेखन करावयाचें तर तीन गोष्टी लागतात: स्वतःचा असा कांहीं शोध, तो मांडण्याची रीत, आणि शेवटीं त्या भाषेचें व्याकरण. यांपैकीं तिसऱ्या गोष्टीसाठीं आपण शिकवण्या लावतों. पहिल्या दोहोंचें नांवहि काढीत नाहीं. आमचें स्पष्ट मत असें आहे कीं, पहिल्या दोन गोष्टी मराठींत शिकवितां येतात, मराठींतच लवकर शिकवाव्या, आणि त्या ज्यास आल्या त्यास तिसरी गोष्ट कष्टानें कां होईना, पण साध्य होते.

मराठी माणसें इंग्रजींत संशोधन लिहूं लागलीं त्यास पावणेदोनशेंहून अधिक वर्षें झालीं. बाळशास्त्री जांभेकर यांनीं १८३२ सालीं 'दर्पण' काढलें तेंच मुळीं मराठी व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत. आणि पुढें ताम्रपटांवर व शिलालेखांवर त्यांनीं इंग्रजींत लेख लिहिले. १८७३ सालीं काशिनाथ त्रिंबक तेलंग हे अवघे तेवीस वर्षांचे होते. वेबर नांवाच्या थोर जर्मन पंडितानें रामायण होमराच्या काव्यावरून रचलें असावें असा तर्क मांडला होता. या मुंबईच्या तरुणानें त्यावर इंग्रजींत मुद्देसूद उत्तर लिहून प्रसिद्ध केलें. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचा दख्खनच्या प्राचीन इतिहासावरील इंग्रजी ग्रंथ १८८४ सालचा. शिलालेख, नाणीं, पुराणें, परदेशी प्रवाशांचीं वर्णनें यांपैकीं कोणत्या विधानास कशाचा आधार, हें ते जागोजाग सांगत जातात. चिकित्सक, तौलनिक व ऐतिहासिक शोधपद्धति म्हणजे काय, यावर त्यांनीं १८८८ सालीं मुंबईंत व्याख्यानच दिलें होतें. या मंडळींपैकीं कोणाचीहि मातृभाषा इंग्रजी नव्हती.

आमच्या विद्यार्थिनींस विशेष सांगावयाचें तें आनंदीबाई जोशी यांचें उदाहरण. जन्म १८६५ सालीं कल्याणास. म्हणजे मुलुंडहून आगगाडीनें अर्ध्या-पाऊण तासाच्या वाटेवर. १८८६ सालीं पेनसिल्व्हानियांतील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी त्यांनीं घेतली, तेव्हां त्यांना एकविसावें वर्षहि पुरें झालें नव्हतें. पदवीसाठीं लिहिलेल्या इंग्रजी प्रबंधाचा विषय त्यांनीं कोणता घेतला? आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. वर्गांतील अमेरिकन मुलींचें इंग्रजी आनंदीबाईंहून सफाईदार असणारच. पण हा विषय त्यांच्यापैकीं एकीलाहि लिहितां आला नसता. परक्या भाषेंत लिहिणाराजवळ स्वतःचें असें कांहीं सांगण्यासारखें असलें म्हणजे त्याची बाजू केवढी बळकट होते, हें यावरून ध्यानांत येईल.

त्या पदवीदान समारंभास पंडिता रमाबाई विलायतेहून मुद्दाम गेल्या होत्या. रमाबाई संस्कृताच्या पंडिता. इंग्रजीचा खरा अभ्यास त्यांनीं मोठेपणीं केला. १८८३ सालीं त्या इंग्लंडांत गेल्या आणि १८८७ सालीं उच्चवर्णीय हिंदु स्त्रीच्या स्थितीवरील त्यांचें इंग्रजी पुस्तक फिलाडेल्फिया येथें छापून निघालें. पुढें १८८९ सालीं त्यांनीं अमेरिकेंतील लोकस्थितीवर मराठींत पुस्तक लिहिलें. परक्यांस आपला देश समजावून देतांना इंग्रजी, आणि आपल्या लोकांस परका देश समजावून देतांना मराठी, असें हें दुहेरी काम आहे. आपला वाचक कोण व त्यास काय ठाऊक नाहीं, हें ज्यास कळलें त्यास अर्धें लेखन साधलें.

आणखी एक गोष्ट, ज्यांचे निबंध परत येतात त्यांच्यासाठीं. डॉक्टर आंबेडकर यांनीं लंडनच्या विद्यापीठास १९२२ सालीं दिलेला रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध परीक्षकांनीं फेरलेखनासाठीं परत केला होता. त्यांनीं तो पुन्हां लिहिला, १९२३ सालीं तो मान्य झाला, आणि त्याच वर्षीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाला. त्यास प्रस्तावना लिहिणारे त्यांचे गुरु प्राध्यापक एडविन कॅनन यांस शिष्याचीं कित्येक मतें मान्य नव्हतीं. तसें त्यांनीं प्रस्तावनेंत लिहिलेंहि, आणि तरी ग्रंथाचें स्वागत केलें. प्रबंध परत येणें हा कलंक नव्हे, आणि गुरूंशीं मतभेद होणें हा अपराध नव्हे. दोहोंसहि एकच अट आहे: आपण जें म्हणतों त्यास आधार असावा.

आतां मांडणीच्या रीतीविषयीं. १९६६ सालीं रॉबर्ट कॅप्लन या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञानें एक लेख लिहिला. इंग्रजी लिहिणाराचा विचार सरळ रेषेंत जातो, पौर्वात्यांचा मात्र मुद्द्याभोंवतीं वर्तुळें घेत फिरतो, अशा आशयाच्या आकृत्याच त्यांत काढून दाखविल्या होत्या. या मतावर पुढें पुष्कळ टीका झाली व स्वतः कॅप्लन यांनींहि तें बरेंच सौम्य केलें. तथापि "आपल्या मुलांस मुद्देसूद लिहितां येत नाहीं, हा आपल्या भाषेचाच दोष," अशी समजूत अजून आपल्याकडे आहे. ती आम्हांस मुळींच मान्य नाहीं.

१९९० सालीं जॉन स्वेल्स या भाषाशास्त्रज्ञानें आपल्या ग्रंथांत शोधनिबंधाच्या आरंभाचें जें पृथक्करण केलें, तें आज जगभर शिकविलें जातें. लेखक प्रथम क्षेत्र सांगतो, मग त्या क्षेत्रांत कोणती जागा रिकामी आहे तें दाखवितो, आणि मग ती आपण कशी भरणार तें सांगतो. हें वाचतांना आम्हांस आपल्या मीमांसकांचें अधिकरण आठवलें. त्याचीं अंगें पांच: विषय, संशय, पूर्वपक्ष, सिद्धांत आणि संगति. विषय म्हणजे क्षेत्र. संशय म्हणजे ती रिकामी जागा. पूर्वपक्ष म्हणजे आपल्या विरुद्ध जें जें म्हणतां येईल तें प्रामाणिकपणें मांडणें. सिद्धांत म्हणजे आपला निर्णय, आणि संगति म्हणजे मागच्या-पुढच्या विचाराशीं त्याचा संबंध. ज्या देशांत शेंकडों वर्षें शास्त्री मंडळी या शिस्तीनें वाद करीत आलीं, तेथील मुलांस सरळ विचार करितां येत नाहीं असें कोणीं म्हणावें? ख्रिस्ती वाचकांस लूकच्या शुभवर्तमानाचा आरंभहि आठवेल. अनेकांनीं पूर्वीं लिहिलें आहे, प्रत्यक्ष पाहणारांकडून वृत्तांत आला आहे, आपण सर्व कसोशीनें शोधलें आहे, म्हणून आतां अनुक्रमानें लिहितों. शोधनिबंधाचा आरंभ याहून निराळा नसतो.

हें शाळकरी मुलांस झेपेल काय, अशी शंका कोणी घेतील. एक उदाहरण देतों. २६ जुलै २००५ चा पाऊस आमच्या पालकांपैकीं पुष्कळांनीं छातीइतक्या पाण्यांतून चालत अनुभवला आहे. त्या चोवीस तासांत सांताक्रूझ येथें ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. कुलाब्यास मात्र शंभरहि झाला नाहीं. हा झाला विषय. एकाच शहरांत, वीस-पंचवीस किलोमीटरांच्या अंतरांत, इतका फरक कां? हा संशय. कोणी म्हणेल, मोजणींतच चूक झाली असेल, हा पूर्वपक्ष. परंतु विहार तलावाकडेहि तसाच प्रचंड पाऊस मोजला गेला, तेव्हां ती शंका टिकत नाहीं. येथून सिद्धांताकडे जाणारी वाट सुरू होते. नववीच्या मुलांपुढें हें आम्हीं मराठींत मांडलें, तेव्हां मागच्या बाकावरील मुलें पुढें येऊन बसलीं. एकानें विचारलें, "सर, मग डोंगर कोणत्या बाजूस आहेत तें पाहावें लागेल ना?" या प्रश्नांत जें आहे तें कोणत्याहि तयार प्रकल्पांत मिळावयाचें नाहीं.

याच मुलानें महिनाभर आधीं अंधेरीच्या गिल्बर्ट टेकडीवर इंग्रजींत निबंध दिला होता. उंची सुमारें २०० फूट, काळा बसाल्ट, वय सुमारें साडेसहा कोटी वर्षें. सर्व माहिती बरोबर, वाक्यें निर्दोष, आणि त्यांतील एकहि त्याचें नाहीं. आम्हीं वही मिटून त्याला मराठींत विचारलें, "तूं वर गेला आहेस काय?" तेव्हां तो सांगूं लागला: आजीबरोबर दर नवरात्रांत गांवदेवीच्या देवळाला जातों, पायऱ्या चढतांना दगडाचे उभे खांब पेन्सिली एकत्र बांधल्यासारखे दिसतात, ते उभेच कां, आडवे कां नाहींत, आणि आजी म्हणते कीं, पूर्वीं भोंवतीं दगड फोडीत असत. शिलारस थंड होतांना आकसतो व त्यास अशा उभ्या भेगा पडतात, हें तो पुढें पुस्तकांत स्वतः शोधून आला. त्याचा खरा निबंध त्याच्या तोंडांत होता. इंग्रजीच्या भीतीनें तो बाहेर येत नव्हता इतकेंच.

भाषेच्या अडचणी खऱ्या आहेत, त्या आम्ही नाकारीत नाहीं. इंग्रजींत नामापूर्वीं जीं लहानशीं उपपदें लागतात तीं मराठींत नाहींत. आपण "मुलगा आला" म्हणतों. तो कोणी एक मुलगा कीं ठाऊक असलेलाच, हें प्रसंगावरून कळतें. इंग्रजीस तें प्रत्येक वेळीं उच्चारून सांगावें लागतें. रशियन व जपानी भाषांतहि अशीं उपपदें नाहींत, आणि त्या देशांतील विद्वानहि तेथेंच चुकतात. तेव्हां यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. आपलें क्रियापद वाक्याच्या शेवटीं येतें, त्यांचें मध्यें. या गोष्टी सरावानें येतात, आणि परीक्षकानें त्यांपायीं विचाराचे गुण कापूं नयेत असें आम्हांस वाटतें.

उलट कांहीं बाबतींत मराठी हीच चांगली शिक्षिका आहे. संशोधनाच्या भाषेंत खात्री किती आहे तें मोजून सांगावें लागतें. बोरिवलीच्या कान्हेरी लेण्यांकडे बोट दाखवून "हें लेणें अमक्या शतकांत कोरलें" म्हणणें निराळें, "कोरलें असावें" म्हणणें निराळें, "कोरलें असेल" म्हणणें निराळें आणि "कोरलें म्हणतात" म्हणणें निराळें. एका क्रियापदाच्या रूपांत मराठी मूल हे चार दर्जे सहज बोलतें. इंग्रजींत मात्र तेंच मूल सर्वत्र "आहे" एवढेंच लिहितें, कारण वाक्य दुसऱ्याचें असतें. या "असावें"ची जाणीव देऊन मग इंग्रजी पर्याय शिकविले, तर ते टिकतात. कान्हेरीच्याच शिलालेखांवर शोभना गोखले यांचा इंग्रजी ग्रंथ १९९१ सालीं पुण्याच्या डेक्कन कॉलेजनें प्रसिद्ध केला आहे. सहलीस जाणाऱ्या मुलांनीं तो ग्रंथालयांत एकदां हातांत तरी घ्यावा. इरावती कर्वे यांनीं 'युगान्त' १९६७ सालीं प्रथम मराठींत लिहिलें आणि मग दोन वर्षांनीं इंग्रजींत आणलें, हेंहि येथें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

आतां पालकांचे तीन आक्षेप विचारांत घेऊं. पहिला असा कीं, मग मुलांस आरंभापासून इंग्रजी माध्यमांतच कां घालूं नये? ज्यांनीं घातलें त्यांस आम्ही दोष देत नाहीं. परंतु आमच्या अनुभवांत उतरून काढण्याची संवय दोन्ही माध्यमांत सारखीच आहे. फरक इतकाच कीं, इंग्रजी शाखेंतील मुलाची उसनवारी लवकर उघडकीस येत नाहीं, कारण त्याच्या बोलण्यांत व त्या वाक्यांत तितकी तफावत दिसत नाहीं. दुसरा आक्षेप नवा आहे. "आतां यंत्रच शुद्ध इंग्रजी लिहून देतें, मुलांनीं कशाला धडपडावें?" यंत्र व्याकरण सुधारून देईल, आणि प्रामाणिकपणें सांगून घेतलेली तेवढी मदत आम्हांस वर्ज्य वाटत नाहीं. परंतु यंत्र खाडीच्या चिखलांत उतरलेलें नाहीं. तें प्रसंगीं अस्तित्वांतच नसलेल्या पुस्तकांचे दाखले खुशाल देतें, हेंहि आतां सर्वांस कळून चुकलें आहे. ज्याच्यापाशीं स्वतःची नोंद नाहीं, त्यास तो दाखला खोटा हें ओळखतां कसें येणार?

तिसरा आक्षेप स्वाभिमानाचा आहे व तो आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. आपण आपलें ज्ञान इंग्रजींतच कां लिहावें? इतिहासाचार्य राजवाडे यांनीं १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें बावीस खंडांत छापलीं, तीं मराठींत. आणि तो इतिहास अभ्यासावयाचा म्हणून बंगालच्या यदुनाथ सरकारांस मराठी शिकावें लागलें. २०२४ सालीं मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा आम्हां शिक्षकांस अभिमान आहे. म्हणून मराठींत संशोधन लिहिलेंच पाहिजे. परंतु तिवरांवरील शोध केनियांतील किंवा इंडोनेशियांतील माणसानें वाचावा अशी इच्छा असेल, तर आज त्यास इंग्रजीचाच पूल आहे. पुलावरून जाणें म्हणजे गांव सोडणें नव्हे. मात्र जातांना हातांत आपल्या शेतांतलें कांहीं असावें.

केवळ तक्रार करून लेख संपविणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं, म्हणून शाळेपुढें व पालकांपुढें एक साधी योजना ठेवितों. पांचवी ते सातवीच्या मुलांनीं एक वही ठेवावी व तिच्या पानावर तीन रकाने पाडावे: पाहिलें, ऐकलें, वाचलें. प्रत्येक नोंद आपापल्या रकान्यांत जावी. कोणाकडून ऐकलें व कोठें वाचलें तें लिहावें. आठवींत प्रत्येकानें वर्षभरासाठीं एकच प्रश्न घ्यावा, आणि तो आपल्या वस्तींतला असावा. घाटकोपरच्या टेकडीवरील घरांत पाणी कसें चढतें, मुलुंडच्या बाजारांत भाजी कोठून येते, असे प्रश्न पुरेत. त्याच वर्षीं इंग्रजी परिच्छेद वाचून, पुस्तक मिटून, त्याचा आशय मराठींत सांगण्याचा सराव असावा. पुस्तक मिटलेलें असलें म्हणजे उतरून काढतां येत नाहीं. नववींत दोन पानें मराठींत व त्यांतलेंच एक पान इंग्रजींत लिहावें. गुण देतांना विचारास, आधारास व भाषेस निरनिराळे गुण असावे, म्हणजे कच्च्या व्याकरणाचा पण खऱ्या शोधाचा मुलगा मागें पडणार नाहीं. यासाठीं वह्या कमी व तोंडी विचारणा अधिक करावी लागेल. तें कष्टाचें काम आहे, आणि तें आम्हां शिक्षकांचें आहे.

पालकांकडून मागणें थोडें आहे. इंग्रजी येत नाहीं म्हणून आपण मुलांस मदत करूं शकत नाहीं, असें पुष्कळ माता-पिता खालच्या आवाजांत सांगतात. त्यांनीं फक्त एक प्रश्न विचारावा, तोहि मराठींत: "हें तुला कसें कळलें?" मूल म्हणेल, मी पाहिलें, मग काय पाहिलें तें सांगूं द्यावें. म्हणेल, अमक्या पुस्तकांत आहे. मग पुस्तकाचें नांव वहींत लिहिलें आहे काय तें पाहावें. म्हणेल, असेंच मिळालें. मग तें वाक्य खोडावयास लावावें, मग तें कितीहि सुंदर इंग्रजींत असो. आणि तयार प्रकल्प विकत आणूं नये. वांकडातिकडा कां होईना, मुलाच्या हातचा असूं द्यावा.

त्या विद्यार्थिनीचें पुढें काय झालें, हें सांगून लेखणी ठेवितों. लागोपाठ पांच रविवार ती आमच्या घरीं येऊन बसली. प्रबंधांतील एकेका वाक्यावर बोट ठेवून आम्ही तोच प्रश्न विचारीत होतों, आणि ती मराठींत उत्तर देत होती. भांडुप पंपिंग स्टेशनाकडील कांठावर ती दोन पावसाळे जात होती. तिवराच्या पानांवर मिठाचे कण कोणत्या ऋतूंत अधिक दिसतात, हें तिनें महिन्यामहिन्यास टिपलें होतें. ओहोटीच्या वेळा तिला तेथील एका कोळी आजोबांनीं शिकविल्या होत्या. या साऱ्याचा प्रबंधांत मागमूस नव्हता. तेथें होतीं दूरदेशींच्या तिवरांविषयींचीं परक्यांचीं सुरेख वाक्यें. तिनें सर्व पुन्हां लिहिलें. इंग्रजी साधें झालें, कोठें कोठें उपपद चुकलें, पानें निम्मीं झालीं. ऑक्टोबरांत प्रबंध मान्य झाला. गेलेली नोकरी परत मिळाली नाहीं. तिला दुसरी शोधावी लागत आहे, आणि हें लिहीत असतां ती अद्याप मिळालेली नाहीं. तो हिशेब आमच्या नांवावर राहील.

या जूनपासून आमच्या वर्गांत तीन रकान्यांच्या वह्या सुरू झाल्या आहेत. पहिल्याच आठवड्यांत एका मुलीनें "वाचलें" या रकान्यांतलें एक वाक्य स्वतःहून खोडलें आणि "पाहिलें" या रकान्यांत दुसरें लिहिलें. दोन्ही वाक्यें मराठींत होतीं. दुसऱ्या वाक्यांत शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या. त्या आम्हीं नंतर सुधारल्या. गुण मात्र आधींच देऊन टाकले.